स्वातीला मज्जाव

पाऊस नको म्हणणारं माणूस हर्षदा बंडगरला भेटलं ते वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही कुठं, तर चाड देशात. ज्या देशाचा वरचा अर्धा भाग सहारा वाळवंटानं केव्हाच गिळलाय, ज्याच्या आटलेल्या सरोवराची धूळ वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडते, त्या देशातली एक बाई चिखलात पाय रोवून तिला म्हणाली, "तुझा पाऊस तुझ्यापाशीच ठेव."

ही गोष्ट २०४३ सालच्या ऑक्टोबरातली. हर्षदा ढगांची शास्त्रज्ञ. चाडच्या आग्नेयेला सलामात नावाचं सपाट मैदान आहे, तिथल्या आम तिमान गावाजवळच्या पर्जन्यकेंद्राची ती प्रमुख होती. तीन वर्षं ती तिथं राहत होती, तिथली अरबी मोडकीतोडकी का होईना पण न लाजता बोलत होती. त्या दिवशी ती बेचाळिसावा, म्हणजे शेवटचा पर्जन्यमापक बसवायला अश्ता अबाकारच्या शेतावर गेली. पर्जन्यमापक म्हणजे पांढरा, वीतभर रुंदीचा डबा. आत पडलेल्या पाण्याचं वजन करून तो दिवसभराची बेरीज केंद्राला कळवायचा.

शेतात दहा-बाराजणी वाकून काम करत होत्या. अश्ता त्यांच्यात थोरली, पन्नाशीची, कमरेला ओढणी कसलेली. तिनं डबा उलटासुलटा करून पाहिला.

"हे भांडं कशाचं?"

"पाऊस मोजायचं. पण हात लावू नका, यंत्र आहे ते."

"पाऊस तर गेला. आता काय मोजणार, ऊन?"

बाया खिदळल्या. हर्षदाही हसली आणि जरा ऐटीत म्हणाली, "पुढच्या महिन्यात परत येईल. आम्ही आणणार आहोत."

हसू जागच्या जागी थांबलं. अश्तानं डबा खाली ठेवला.

"कोणाला विचारून?"

"तुमच्याच लोकांना. गावोगाव विचारलं, पाऊस हवा का? सगळे हो म्हणाले."

"कधी विचारलंत?"

"जुलैत."

"जुलैत कोण नाही म्हणेल, अख्ती?" अख्ती म्हणजे माझी बहीण. अश्ता तिला पहिल्या भेटीपासून तसंच म्हणायची, पण आज त्या शब्दात माया कमी होती. "जुलैत आम्हीही देवाकडे मागतो. आता नोव्हेंबर येतोय. आता तुझा पाऊस तुझ्यापाशीच ठेव."

तिनं पुरुषभर उंचीचा, लोखंडी टोकाचा जड दांडा हर्षदाच्या हातात दिला. "मार."

हर्षदानं मारला. दांडा हातभर खाली गेला आणि शोषल्यासारखा आवाज करत वर आला. अश्तानं त्या भोकात भोपळ्याच्या तुंब्यानं पाणी ओतलं, ज्वारीची दोन रोपं सोडली आणि पायानं माती दाबली. ज्वारीच ती, इथं तिला बरबरे म्हणतात. आधी वाफ्यात रोपं करायची, आणि पावसाळा संपला की भाताच्या रोपांसारखी उपटून इथं लावायची.

"दोन महिने ही जमीन नदीच्या पाण्याखाली होती," अश्ता म्हणाली. "पोटभर प्यायली. आता फेब्रुवारीपर्यंत एक थेंब नको. मूळ पाण्याच्या मागं खाली खाली जातं. तू वरून पाणी दिलंस तर ते कशाला जाईल खाली? लाडावलेल्या पोरासारखं वरच बसेल. भोकात चिखल भरेल, निम्मी रोपं सडतील. जी जगतील ती जानेवारीत माती फाटली की मरतील. आणि हे गेलं की आम्हाला पुढच्या सुगीपर्यंत खायला काही नाही. दुसरं पीक या मातीत येत नाही."

हर्षदा चिखलानं बरबटलेला दांडा धरून उभी राहिली. माती काळी होती, चिकट होती, नखात शिरली की दोन दिवस निघायची नाही अशी. तिच्या गावच्या मातीसारखीच. आणि नोव्हेंबरातल्या पावसाची कल्पना दुसऱ्या कोणाची नव्हती. ती तिचीच होती.

*

आता थोडं विज्ञान सांगायला हवं, त्याशिवाय हर्षदाची चूक कळायची नाही.

चाडमध्ये पाऊस सूर्याच्या मागं चालतो. सूर्य उत्तरेला सरकला की पावसाचा एक पट्टा दक्षिणेकडून वर चढतो. मे महिन्यात देशाच्या खालच्या कडेला, ऑगस्टात थेट वाळवंटाच्या उंबऱ्याशी. मग तो मागं फिरतो. तो गेला की ईशान्येकडून कोरडा वारा सुटतो, धूळ घेऊन, आणि पुढचे सहा महिने आभाळ कसं असतं ते लोक विसरतात. समुद्र तापल्यापासून मात्र हा पट्टा परत जाताना रेंगाळू लागला होता. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सलामातवर ढग दिसत. पाणीदार दिसत, पण बरसत नसत.

हे न बरसणारे ढग बरसवायची युक्ती हर्षदाच्या गुरूंनी, विरकर सरांनी शोधली. ढगातले थेंब इतके बारीक असतात की एकमेकांना चुकवून तरंगत राहतात. त्यांना वीज दिली, काहींना धन, काहींना ऋण, की ते एकमेकांना ओढतात, चिकटतात, जड होतात आणि पडतात. त्यासाठी सरांनी उन्हावर चालणारी चारशे छोटी विमानं केली. ती थव्यानं ढगात शिरत, विजेचा हात फिरवत आणि बाहेर पडत. ढग नसेल तर मात्र थवा काही करू शकत नव्हता. शून्यातून पाणी काढायची विद्या सरांनाही आली नव्हती.

डॉ. उद्धव विरकर माण तालुक्यातले. त्यांचं बालपण टँकरच्या मागं कळशी घेऊन पळण्यात गेलं. पाण्यावरून आईनं खाल्लेला मार त्यांनी एकदाच हर्षदाला सांगितला होता, आणि नंतर तो विषय कधी काढला नाही. हर्षदा मंगळवेढ्याची, काळ्या रानातल्या शाळू ज्वारीवर वाढलेली. दोन वर्षांपूर्वी सरांनी विचारलं होतं की थव्याची पहिली मोठी चाचणी कधी घ्यावी, तेव्हा ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली होती, "स्वातीत घ्या, सर. पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती!"

सर खूश झाले. योजनेचं नावच 'स्वाती' पडलं. मंगळवेढ्याला ज्वारी पावसाच्या शेवटी पेरतात, जमीन तहानेली असते, तिथं ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या स्वाती नक्षत्राची एक सर सोन्याहून पिवळी. काळी माती, ज्वारी, शरद ऋतू. पळसाला पाने तीनच, असं हर्षदानं धरलं. उपग्रहानंही तिचीच री ओढली. सप्टेंबरच्या चित्रात सलामातचं मैदान पाण्याखालचं, पिकाविना दिसत होतं, कारण रोपं तेव्हा वाफ्यात होती. नकाशावर त्या सगळ्या भूभागाला 'पडीक' असं लिहिलं गेलं. पडीक जमिनीवर पाऊस पडला तर कोणाचं काय बिघडणार? त्या नकाशाखाली सही होती, ह. बंडगर.

*

त्याच दुपारी तिनं नैरोबीच्या मुख्यालयात सरांना फोन लावला. पडद्यावर सर दिसले, सत्तरीचे, वाळून काटकुळे झालेले, पण डोळे तसेच.

"सर, पाच तारखेचं उड्डाण थांबवा. माझी चूक झाली."

तिनं सगळं सांगितलं. सर ऐकत होते. शेवटी ते हसले, आणि त्या हसण्यानं तिला जास्त भीती वाटली.

"हर्षदा, पाऊस नको म्हणणारा शेतकरी मी आजवर पाहिला नाही."

"मीही नव्हता पाहिला, सर. आज पाहिला. म्हणून तर फोन केला."

"एका बाईनं सांगितलं?"

"एका बाईनं सांगितलं, पण शेतं चाळीस गावांची आहेत. नकाशात आपण त्यांना पडीक लिहिलंय."

"नकाशा दुरुस्त करू. चाचणी झाल्यावर." सर पुढं झुकले. "हे बघ, सहा देशांचे मंत्री पाच तारखेला पडद्यासमोर बसणार आहेत. हा पाऊस पडला तर थवा सहाराखालच्या साऱ्या साहेल पट्ट्यात जाईल, मग आपल्याकडे येईल. माणला येईल. एका हंगामातली थोडी रोपं आणि पुढच्या पन्नास वर्षांचं पाणी, यात तू काय निवडशील?"

"ती थोडी रोपं नाहीत, सर. ते त्यांचं वर्षाचं जेवण आहे."

"धान्य पाठवू आपण."

"रस्ता कुठाय? नदीनं कापलाय. डिसेंबरात उघडेल, पण चाळीस गावांचं वर्षाचं धान्य त्या कच्च्या वाटेनं जूनच्या आत थोडंच येणार आहे?"

सर हळू म्हणाले, "स्वातीत घ्या असं तूच म्हणालीस ना? तुझ्या शब्दावर मी माझं आयुष्य लावलं, हर्षदा."

फोन बंद झाल्यावर ती बराच वेळ नखांतली माती काडीनं काढत बसली. तिनं लेखी हरकत पाठवली, एक नाही, तीन. प्रत्येकीला सुबक उत्तर आलं: दोन हंगामांची आकडेवारी सादर करावी.

*

तीन नोव्हेंबरच्या सकाळी केंद्रातल्या पडद्यावर अश्ताच्या शेतातला पर्जन्यमापक एकशे नव्वद मिलिमीटर पाऊस दाखवू लागला. बाहेर लख्ख ऊन होतं. हर्षदा पाहत असतानाच आकडा तीनशे ऐंशी झाला. मग पाचशे सत्तर.

तिनं मोटरसायकल काढली. शेतात पोचली तेव्हा अश्ता पर्जन्यमापक कडेवर धरून सरीनं चालली होती. पखालीतलं पाणी डब्यात घ्यायची, भोकात रिकामं करायची, पुन्हा भरायची.

"अश्ता! यंत्र आहे म्हणून सांगितलं होतं ना?"

"माझा तुंबा फुटला," अश्ता शांतपणे म्हणाली. "हे भांडं चांगलंय. दोन भोकांना नेमकं पुरतं."

हर्षदा ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला थव्याचा एक नियम आठवला. तो तिनंच लिहिला होता. आधीच भिजलेल्या जमिनीवर आणखी पाऊस पाडून पूर आणायचा नाही, म्हणून: निम्म्याहून जास्त पर्जन्यमापकांत एका दिवसात दीडशे मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी दिसलं, तर थवा आपोआप खाली उतरून कुलूपबंद होईल. ते कुलूप केंद्रप्रमुखानं जागेवर येऊन अंगठा लावल्याशिवाय निघणार नाही. नैरोबीतूनही नाही.

पर्जन्यमापक बेचाळीस होते, आणि बेचाळीसच्या बेचाळीस शेतांत होते. चौदा तारखेला ढग दक्षिणेला निघून जाणार होते; तोवर थवा कुलपात राहिला की झालं.

ती चिखलात तशीच उभी राहिली. आकड्यांत ढवळाढवळ करणं तिच्या धंद्यात पाप होतं. तिनं स्वतः हाताखालच्या एका मुलाला त्यासाठी घरी पाठवलं होतं. पण आज दोन पापं समोर होती, आणि दुसऱ्या पापावर तिची सही आधीच झाली होती.

"अश्ता," ती म्हणाली, "ही लावणी आणखी किती दिवस चालेल?"

"सगळ्या गावांची? चार-पाच दिवस."

"तुझ्या बहिणींना निरोप पाठव. सगळ्या गावांतल्या. सांग, तो पांढरा डबा भोकं भरायला फार चांगला आहे. वापरा म्हणावं."

अश्तानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू मला रागवायला आली होतीस ना?"

"आले होते. आता नाही रागवत."

*

चार तारखेच्या सकाळी सलामातमध्ये कोकणात वर्षभर पडत नाही एवढा पाऊस तीन तासांत पडला. एक ढग नव्हता, पण पडला. साडेदहाला सरावासाठी उडालेली चारशे विमानं शिस्तीत केंद्राच्या छोट्या धावपट्टीवर उतरली, पंख मिटले, आणि पडद्यावर प्रश्न उमटला: 'जमीन पाण्यानं भरलेली आहे. नोंद खरी?'

खाली दोन चौकोन होते. 'खोटी' दाबून अंगठा लावला की थवा पुन्हा मोकळा.

हर्षदानं 'खरी' दाबलं. मग खाली टिपणाच्या जागी आपल्या नावानिशी लिहिलं: 'पाणी आकाशातून पडलेलं नाही. बायकांनी लावणीसाठी ओतलं आहे, माझ्या संमतीनं. जमीन मात्र खरोखरच भरलेली आहे. तिला आणखी पाणी नको.' आणि ते सरांना पाठवून दिलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती, आणि या वयात शिकायची तिला हौसही नव्हती.

फोन लगेच आला.

"हा काय पोरखेळ आहे? अंगठा लाव!"

"नाही सर."

"मंत्री उद्या बसणार आहेत!"

"बसू द्या की. चहा पाजा त्यांना."

"हर्षदा, मी आज्ञा देतोय."

रागावली की तिची पुण्यातली वीस वर्षं गळून पडायची आणि मंगळवेढं वर यायचं. "न्हाई लावणार! तुमी मला काढून टाका, कोरटात खेचा, काय करायचं ते करा. ह्यो अंगठा माझा हाय, सर. ह्यो त्या रोपावर न्हाई पडणार!"

सरांनी फोन ठेवला. ज्या माणसानं तिला पहिल्यांदा ढग कसा वाचायचा ते शिकवलं, त्याच्यावर ती ओरडली होती. ती रडली, तोंड धुतलं, आणि अश्ताच्या शेतावर जाऊन संध्याकाळपर्यंत भोकं मारत राहिली.

*

सर नऊ तारखेला आले. आम तिमान गावची मोठी धावपट्टी नुकतीच पाण्याबाहेर निघाली होती. छोट्या विमानातून ते एकटेच उतरले. नव्या प्रमुखाचा अंगठा नोंदवायला दहा दिवस लागतात, हा नियमही हर्षदानंच लिहिलेला. सर तो मोडायला नव्हे, तिला मोडायला आले होते.

ती त्यांना केंद्रात न नेता अश्ताकडे घेऊन गेली. पाहुणा म्हटल्यावर अश्तानं आधी जेवण वाढलं. ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा, वर भेंडीची बुळबुळीत आमटी. दोन पाहुणे एकमेकांकडे बघत नाहीत, हे तिला दिसत होतं, पण तिनं विचारलं नाही.

सरांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा हात थांबला.

"शाळू?" ते म्हणाले.

"बरबरे. मागच्या वर्षीची," हर्षदा म्हणाली. "आपल्या नकाशातल्या पडीक जमिनीतली."

सर ताटली रिकामी होईपर्यंत जेवले. मग बाहेर येऊन शेताच्या बांधाशी उभे राहिले. रोपं पंधरवड्यात सरळ झाली होती. दक्षिणेला ढगांची फळी अजून होती, जांभळी, पाण्यानं फुगलेली. ती पाहताना सरांचा चेहरा भुकेल्या माणसासारखा झाला.

"एवढं पाणी वरच्या वर जाणार," ते म्हणाले. "तुला कळतंय का हर्षदा, मला हे बघवत नाही."

"कळतंय, सर. पण ही तहान तुमची आहे. या जमिनीची नाही."

सर वळले. "तू गेलीस तर माझ्यानंतर हे काम कोण करणार? मी तुला धरून ठेवलं होतं त्यासाठी."

"माहितीये मला."

"शेवटचं विचारतो. लावणार?"

"नाही."

"मग तू आता केंद्रप्रमुख नाहीस. कुठल्याच केंद्रात नाहीस."

"बरं," हर्षदा म्हणाली. तिला वाईट वाटलं, फार वाटलं. पण आपण चुकतोय असं मात्र एकदाही वाटलं नाही. तिनं वाकून सरांच्या पायांना हात लावला, जसा ती प्रत्येक निरोपाला लावायची. सरांनी पाय मागं घेतले नाहीत. आशीर्वादही दिला नाही.

बारा तारखेला ईशान्येचा वारा सुटला. दुपारपर्यंत आभाळ दुधी झालं, ओठांवर धूळ बसली, आणि ढगांची फळी दक्षिणेला विरून गेली. केंद्राच्या पायरीवर सर ते बघत उभे होते. चारशे विमानं पंख मिटून धावपट्टीवर होती. संध्याकाळच्या विमानानं सर गेले.

*

हर्षदा गेली नाही. अश्तानं तिला एक झोपडी आणि एक दांडा दिला. डिसेंबरात जमीन भेगाळली, जानेवारीत भेगांत हात जाऊ लागला, आणि ज्वारी त्या फाटलेल्या मातीवर गडद हिरवी उभी राहिली. वरून एक थेंब नाही. फेब्रुवारीत कणसं भरली. अश्तानं एक कणीस तळहातावर मळलं, फुंकर मारली आणि दाणे हर्षदाच्या ओंजळीत टाकले. पांढरे, टपोरे, चकचकीत.

मंगळवेढ्यात याला मोती म्हणतात. स्वाती पडली नव्हती आणि मोती पिकले होते. हर्षदानं अश्ताला ती म्हण सांगितली, मग ती इथं कशी उलटी लागू पडते तेही सांगितलं. अश्ता इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं.

हर्षदानं एक कणीस कापडात गुंडाळून नैरोबीला पाठवलं. चिठ्ठी घातली नाही.

महिन्यानं दोन गोष्टी आल्या. एक होता नवा नकाशा. त्यावर सलामातच्या मैदानाचा रंग बदलला होता आणि 'पडीक' शब्दावर सरांच्या हातची काट होती. वर काही लिहिलेलं नव्हतं, खाली सही नव्हती. दुसरं होतं कार्यालयाचं पत्र. नवीन केंद्रप्रमुख जूनमध्ये रुजू होत आहेत, तरी संस्थेच्या मालकीचे बेचाळीस पर्जन्यमापक सुस्थितीत ताबडतोब परत करावेत.

हर्षदानं पत्र अश्ताला वाचून दाखवलं.

"आणि ऑक्टोबरात आम्ही भोकं कशानं भरायची?" अश्ता म्हणाली.

नकाशा हर्षदानं झोपडीच्या भिंतीला लावला. पत्राच्या पाठीवर मात्र तिथंच बांधावर बसून उत्तर लिहिलं:

'पर्जन्यमापक मिळणार नाहीत. ते कामात आहेत.'

आणि खाली अंगठा उठवला, काळ्या मातीचा.